भाटघरात की भाटघ्रात?

मागच्या जुलैमध्ये गावी गेलो होतो. आमचं गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या फुगवट्याला लागून. बाहेर पाऊस लागलेला. आई पडवीत बसून फोनवर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे मेसेज ऐकत होती. ऐकत होती, कारण वाचणं तिला आता जमत नाही. डायबेटिसनं डोळे अधू केले आणि दोन वर्षांत समोरच्या माणसाचा चेहराही धूसर झाला. मग मी तिच्या फोनमध्ये स्क्रीन रीडर चालू करून दिला. बोट ठेवलं की फोन मजकूर वाचून दाखवतो. आई अंगणवाडीत सेविका होती. शेकडो पोरांना तिनं अक्षरं गिरवायला लावली आहेत. तिला आता एक यंत्र अक्षरं वाचून दाखवतं, ह्याचं मला थोडं कौतुकच वाटत होतं.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘भाटघरात पाणी निम्म्यावर आलं.’ फोनमधली बाई म्हणाली, ‘भाटघ्रात पाणी निम्म्यावर आलं.’ आईनं परत बोट ठेवलं. परत ‘भाटघ्रात’. तिसऱ्यांदा ऐकून तिनं फोन मांडीवर ठेवला आणि मला विचारलं, “बाळा, माझे कानपण गेले काय रे?”

जिच्या सासरच्यांची जमीन ह्या धरणाच्या पाण्याखाली आहे, जिनं ‘भाटघर’ हा शब्द आयुष्यात दिवसातून दहा वेळा उच्चारला, तिला तो शब्द ओळखू आला नाही. आणि फोन चुकतोय असं तिला वाटलं नाही. स्वतःचे कान गेले असं वाटलं. ह्या लेखात जो काही राग आहे तो त्या एका प्रश्नाचा आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा राग थोडा माझ्यावर आणि माझ्या धंद्यातल्या लोकांवरही आहे.

लिहितो एक, बोलतो दुसरं

आधी चूक नेमकी काय आहे ते बघू. ‘भाटघर’ लिहिताना आपण चार अक्षरं लिहितो : भा, ट, घ, र. बोलताना मात्र दोनच तुकडे पाडतो : भाट्-घर्. ‘ट’मधला आणि ‘र’मधला ‘अ’ आपण गिळून टाकतो. लिहिलेल्या प्रत्येक ‘अ’चा उच्चार करत गेलात तर ते संस्कृत पाठांतरासारखं ऐकू येईल. मराठीत आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो, ‘करवत’ लिहितो आणि ‘कर्-वत्’ म्हणतो. हे शाळेत कुणी शिकवत नाही. पाच वर्षांचं पोर ते न शिकता करतं.

यंत्राला मात्र सांगावं लागतं. कुठला ‘अ’ ठेवायचा आणि कुठला गिळायचा, ह्यासाठी भाषाशास्त्रात एक प्रसिद्ध नियम आहे. हिंदीच्या संदर्भात मंजरी ओहाला ह्यांनी तो सविस्तर मांडला. ढोबळ रूप असं : शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळा, आणि मधल्या ‘अ’च्या आधी स्वर-व्यंजन व नंतर व्यंजन-स्वर असेल तर तोही गिळा. शब्द उजवीकडून डावीकडे तपासत जा. मराठीचे काही स्वतःचे अपवाद आहेत, पण सुरुवात म्हणून नियम चांगला आहे.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडून हा नियम चाळीसेक ओळींच्या कोडमध्ये लिहिला आणि त्याला शब्द घालायला लागलो. ‘भाटघर’ दिलं, ‘भाट्घर्’ आलं. बरोबर. ‘परतफेड’ दिलं, ‘परत्फेड्’ आलं. बरोबर. ‘खडकवासला’ दिलं, ‘खडक्वास्ला’. तेही बरोबर. मग ‘भाटघरात’ दिलं आणि स्क्रीनवर ‘भाटघ्रात्’ उमटलं. आईच्या फोनमधली बाई माझ्या लॅपटॉपमध्ये बसली होती.

नियमाच्या बाजूनं बघितलं तर बिचाऱ्याची चूक नाही. ‘भाटघरात’मध्ये ‘घ’च्या आधी ‘ट’चा ‘अ’ आहे आणि नंतर ‘रा’ आहे. सगळ्या अटी जुळतात, म्हणून तो ‘घ’मधला ‘अ’ गिळतो. त्याला हे माहीत नाही की ‘घ’पासून एक नवा शब्द सुरू होतो. नव्या शब्दाच्या पहिल्या अक्षराचा ‘अ’ मराठी माणूस कधीच गिळत नाही. ‘घरात’चं ‘घ्रात’ कोण म्हणेल?

मी पुढे शब्द घालत गेलो. ‘देवघरात’चं ‘देवघ्रात’ झालं. ‘स्वयंपाकघरात’चं ‘स्वयंपाकघ्रात’ झालं. ‘लोकसभा’ची ‘लोकस्भा’ झाली, ‘ग्रामसभा’ची ‘ग्रामस्भा’. ‘महानगरपालिका’ तर ‘महान्-गर्-पालिका’ होऊन आली. म्हणजे एक महान गर, त्याची पालिका.

मग मी इंजिनिअर करतात ते केलं. दिशा बदलून बघितली. नियम डावीकडून उजवीकडे चालवला तर ‘भाटघरात’ नीट होतं, ‘लोकसभा’ही सुधारते. पण ‘परतफेड’ची ‘पर्तफेड’ होते आणि ‘खडकवासला’चं ‘खड्कवासला’. ‘महानगरपालिका’ कुठूनही चालवा, महान गरच राहते. आणि एक शब्द असा निघाला की तोही दोन्ही बाजूंनी मोडतो : ‘धरणग्रस्त’. इकडून ‘धर्ण-ग्रस्त’, तिकडून ‘धर्ण-ग्रस्त’. आमच्या खोऱ्यात हा शब्द माणसं स्वतःसाठी वापरतात. नेमका तोच यंत्राला कुठल्याच दिशेनं म्हणता येत नाही.

उपाय सापडायला मात्र दहा मिनिटं लागली. शब्दाच्या मध्ये जिथे जोड आहे तिथे एक अधिकचं चिन्ह टाकायचं : भाट+घरात. देव+घरात. लोक+सभा. महा+नगर+पालिका. परत+फेड. खडक+वासला. धरण+ग्रस्त. आणि नियम प्रत्येक तुकड्याला वेगळा लावायचा. सगळेच्या सगळे शब्द बरोबर आले. तोच नियम, तेच चाळीस ओळींचं कोड. फक्त जोड कुठे आहे एवढं सांगितलं.

म्हणजे आपल्या लांब शब्दांचा उच्चार लिपीत नाही आणि नियमातही पुरता नाही. तो जोडात आहे. आणि हा जोड आपण कागदावर दाखवत नाही.

जोड डोक्यात ठेवणारी भाषा

आपण जोड कधीच दाखवत नाही असंही नाही. शुद्धलेखनाच्या नियमांमुळे आपण ‘बुद्धी’ दीर्घ लिहितो आणि ‘बुद्धिवैभव’मध्ये तीच ऱ्हस्व करतो. म्हणजे तत्सम शब्दांच्या समासात ऱ्हस्व वेलांटी बघून कळतं की इथे पहिला शब्द संपला. महामंडळाच्या नियमांवर १९६२पासून आपण किती भांडलो आहोत! पण ती सगळी भांडणं वेलांट्या, उकार आणि अनुस्वारांची. ‘अ’कारान्त शब्दांच्या जोडावर काय होतं, ह्याबद्दल त्या भांडणात चकार शब्द नाही. कारण तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त कानांना ऐकू येतो. आपलं भाषाप्रेम डोळ्यांचं आहे.

वेल्ह्याचंच बघा. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण तोंडात वेल्हेच आहे. बाहेरचा माणूस, आणि फोनही, ते ‘वेल्-हे’ असं तोडतो. तिथला माणूस ‘वे-ल्हे’ म्हणतो. मराठीतला ‘ल्ह’ हा ‘ल’ आणि ‘ह’ अशी दोन व्यंजनांची रांग नसून एकाच श्वासात निघणारा एक महाप्राण आवाज आहे, ‘म्हैस’मधल्या ‘म्ह’सारखा, ‘न्हावी’मधल्या ‘न्ह’सारखा. लिपीत तो जोडाक्षर दिसतो म्हणून यंत्र त्याला मधून कापतं. कोल्हापूरचंही तेच होतं. म्हणजे लिहिलेलं अक्षर वेगळं आणि बोललेला तुकडा वेगळा, हे आपल्या भाषेत पावलोपावली आहे.

आणि हा प्रश्न फक्त आवाजाचा नाही. तुम्ही हा लेख फोनवर वाचताय. स्क्रीन अरुंद, शब्द लांब. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर कुठे तोडायचा? टेक नावाच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीत मराठीसाठी शब्द तोडण्याचे नियम आहेत. ते संतोष तोट्टिंगल ह्या मल्याळी अभियंत्यानं बाकी भारतीय भाषांबरोबर लिहून फुकट दिले. त्यांचे आभार मानायलाच हवेत, आपल्यापैकी कुणी ते केलं नव्हतं. पण ते नियम लिपीचे आहेत. जोडाक्षर फोडू नका एवढी काळजी ते घेतात. बाकी कुठल्याही अक्षरानंतर शब्द तुटू शकतो. त्यामुळे ‘महान-’ एका ओळीत आणि ‘गरपालिका’ खालच्या ओळीत हे नियमाला मान्य आहे. मराठी वाचणाऱ्या डोळ्याला ते खड्ड्यातून गाडी गेल्यासारखं लागतं.

डेन्मार्कचं घर, भाटघरचं घर

ह्या विषयात मी पडलो त्याचं एक कारण माझी नोकरी. दोन वर्षं मी एका डॅनिश ग्राहकाच्या वाचून दाखवणाऱ्या ॲपवर काम केलं. डॅनिश ही भाषा ऐकायला अवघड म्हणून शेजारच्या स्वीडन-नॉर्वेतही बदनाम आहे. आणि तिच्यात लांब शब्द आपल्यापेक्षा खतरनाक. ‘सॉमर’ म्हणजे उन्हाळा, ‘हूस’ म्हणजे घर, ‘उदलायनिंग’ म्हणजे भाड्यानं देणं. उन्हाळी घरं भाड्यानं देण्याचा धंदा डॅनिश माणूस एका शब्दात, मध्ये जागा न सोडता लिहितो : सॉमरहूसउदलायनिंग. जोड माहीत नसेल तर यंत्र ‘सॉमर-हू-सुद-लायनिंग’ म्हणेल. ‘भाटघ्रात’चीच ही बहीण.

त्यात डॅनिशमध्ये आणखी एक भानगड आहे. काही शब्दांत घशात एक छोटा झटका बसतो, त्याला ते ‘स्टॉड’ म्हणतात. झटका असला-नसला की अर्थ बदलू शकतो. आणि समासात पहिल्या शब्दाचा हा झटका पुष्कळदा गळून पडतो. म्हणजे तिथेही उच्चार जोडावर अवलंबून.

पण ॲप क्वचित चुकायचं. मी आधी समजलो की काहीतरी भारी मॉडेल असणार. आत बघितलं तर एक साधी, कंटाळवाणी गोष्ट होती : शब्दांची यादी. प्रत्येक शब्दापुढे त्याचा उच्चार. आणि सामासिक शब्द असेल तर तो कुठे जोडलाय ह्याची खूण.

ह्या यादीची कथा मला फार आवडते. नॉर्वेमध्ये नॉर्डिस्क स्प्रोकटेक्नोलॉगी नावाची एक कंपनी होती. तिनं डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश ह्या तिन्ही भाषांचे मोठे उच्चारकोश तयार केले. २००३च्या सुमारास कंपनीचं दिवाळं निघालं. हे सगळं काम भंगारात गेलं असतं. पण तिथल्या विद्यापीठांनी आणि भाषा-संस्थांनी मिळून ते विकत घेतलं, आणि आज नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवरून कुणीही ते फुकट उतरवून घेऊ शकतं. एकट्या डॅनिशचे दोन लाखांहून जास्त शब्द. भोरमधल्या घरात बसून मीही ते उतरवले.

शिवाय डेन्मार्कची भाषा-परिषद १९५५पासून आहे आणि तिचा शुद्धलेखन-कोश शाळांना व सरकारी कचेऱ्यांना पाळावा लागतो. ओळीच्या शेवटी सामासिक शब्द जोडावर तोडावा हेही तिथे नियमात बसलेलं आहे. डॅनिश बोलणारी माणसं किती? साठ लाखांच्या आसपास. पुणे जिल्ह्याचीच लोकसंख्या २०११मध्ये चौऱ्याण्णव लाख होती. आणि मातृभाषा मराठी सांगणारे त्याच जनगणनेत आठ कोटी तीस लाख.

डॅनिश आजीचा फोन तिच्या उन्हाळी घराचं नाव बरोबर घेतो. माझ्या आईचा फोन तिच्या धरणाचं नाव चुकवतो. दोन्ही आवाजांच्या मागे माझ्यासारखीच पोरं काम करतात; त्यातली बरीच तर पुण्या-बंगलोरचीच. अक्कल तीच आहे. फरक यादीचा आहे.

‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांसाठी

मी हे मित्रांना सांगायला लागलो की ठरावीक उत्तरं येतात. एकेक घेऊ.

पहिलं : ‘संदर्भावरून समजतं ना, मग झालं.’ तुम्हाला समजतं, कारण तुमच्या समोर अक्षरंही असतात. जो फक्त कानांवर आहे त्याला प्रत्येक चुकीच्या शब्दावर थांबावं लागतं, मागे जावं लागतं, मनात दुरुस्ती करावी लागते. पानाला दहा वेळा असं झालं की माणूस दमतो. माझा कॉलेजचा एक मित्र अंध आहे. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास दुप्पट वेगानं ऐकून करतो. त्या वेगात ‘धर्णग्रस्त’ म्हणजे एक शब्द नाही, आवाजाचा चुरा असतो. तो आता नोट्स इंग्रजीत ऐकतो. मराठीवर त्याचा राग नाही. मराठी ऐकायला त्याला परवडत नाही, एवढंच. भाषा मरते ती अशी, दुकानांच्या पाट्यांवर नाही.

दुसरं : ‘हे सगळे सरकारी, संस्कृत शब्द. साधं मराठी लिहा, प्रश्नच मिटेल.’ सरकारी मराठीवर माझाही राग आहे. मंत्रालयातून निघणारे काही शब्द माणसालाही वाचता येत नाहीत, यंत्राला काय दोष द्यायचा. पण ‘स्वयंपाकघरात’ काय मंत्रालयातून आलं? ‘देवघरात’, ‘माजघरात’, ‘परतफेड’, ‘भाटघर’ हे घरातले, शेतातले शब्द आहेत. समास हा मराठीचा स्वभाव आहे, रोग नाही. आणि त्यावर आपण प्रत्यय चढवतो : ‘धरणग्रस्तांसाठीच्या’, ‘भाटघरावरून’. म्हणजे एका शब्दाची पन्नास रूपं. डॅनिश माणूस आपल्या लांब शब्दांची माफी मागत नाही. आपण का मागायची?

तिसरं उत्तर शुद्धतावाद्यांचं : ‘मग पाय मोडून लिहू या. भाट्-घर् असंच छापा.’ नको. वाचणाऱ्याला त्याची गरज नाही. आठ कोटी लोकांचं लिहिणं यंत्राच्या सोयीसाठी बदलायचं असेल तर यंत्र कशाला हवं? लिपी चुकलेली नाही. जोड पानावर नको, यादीत हवा. यंत्राला पडद्यामागे दिसेल असा.

चौथं उत्तर माझ्या धंद्यातलं आहे आणि तेच सगळ्यात जास्त ऐकू येतं : ‘थांब रे, एआय दोन वर्षांत आपोआप शिकेल.’ ह्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण त्यात अर्धं सत्य आहे. नवे आवाज खरंच सुधारलेत. ‘लोकसभा’ आज बरेचसे आवाज बरोबर म्हणतात. का? कारण बातम्यांच्या ध्वनिमुद्रणात लोकसभा हजारदा येते. मॉडेलनं ती ऐकलेली असते. जे भरपूर ऐकलं ते यंत्र शिकतं. भाटघर किती वेळा ऐकलं असेल? पानवठ्याची, वस्तीची, ओढ्याची नावं किती वेळा? तिथे यंत्र अंदाज बांधतं, आणि देवनागरी दिसली की तो अंदाज पुष्कळदा हिंदीकडे झुकतो, कारण हिंदीचा माल त्यानं जास्त खाल्लेला असतो. मग ‘चारा’तला ‘च’ हा ‘चहा’तल्या ‘च’सारखा निघतो आणि गाईच्या तोंडचा चाराही परका वाटतो.

म्हणजे चुका संपत नाहीत, त्या सरकतात. मोठ्या शहरांवरून छोट्या गावांवर. बातमीतल्या शब्दांवरून घरातल्या शब्दांवर. आणि ‘आपोआप’ असं काही नसतं. डॅनिशचं आपोआप झालं नाही. कुणीतरी खुर्चीत बसून दोन लाख शब्दांवर खुणा केल्या, आणि कुणीतरी त्या विकत घेऊन लोकांना दिल्या. ‘एआय शिकेल’ म्हणजे दुसरं कुणीतरी करेल, असंच आपण म्हणत असतो.

अभिमान आणि यादी

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. माझ्या फोनवर त्या दिवशी शंभरेक फॉरवर्ड आले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्यातला एकही फॉरवर्ड आईला फोनवर धड ऐकता आला नाही. दोन हजार वर्षांची भाषा, आणि तिच्या आवाजाची खुली, जोड दाखवणारी यादी मागायला एक मोर्चा निघत नाही. दर २७ फेब्रुवारीला आपण भाषणं करतो. पाट्यांवरून काचा फोडतो. उच्चारकोश हा शब्द त्या भाषणांत मी ऐकलेला नाही.

खरं म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं आहे. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८मध्ये सात खंडांत निघाला. शब्दापुढे कंसात व्युत्पत्ती देण्याची त्यांची पद्धत आहे, म्हणजे कोणत्या दोन शब्दांतून हा शब्द झाला ते कित्येक ठिकाणी तिथे लिहिलेलंच आहे. नव्वद वर्षांपूर्वी माणसांनी हातानं जोड शोधून ठेवले. आपल्याला ते फक्त यंत्राला वाचता येतील अशा रकान्यांत भरायचे आहेत.

माझी मागणी तीन ओळींची आहे. एक, मराठी शब्दांची आणि गावांच्या नावांची, जोड आणि उच्चार दाखवणारी यादी लोकांच्या पैशानं तयार व्हावी आणि कुलूप न लावता सगळ्यांना मिळावी. राज्यात चाळीस हजारांवर गावं आहेत. प्रत्येक गावचं नाव त्याच गावच्या माणसाच्या तोंडून मुद्रित करणं हे एका ग्रामसभेचं पाच मिनिटांचं काम आहे. दोन, जे सरकारी ॲप किंवा संकेतस्थळ मराठी वाचून दाखवतं, ते विकत घेताना ह्या यादीवर त्याची परीक्षा घ्यावी. नापास झालं तर बिल अडवावं. तीन, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालंय, तिथल्या विद्यार्थ्यांना हे काम अभ्यास म्हणून द्यावं. समासाचे प्रकार घोकण्यापेक्षा दोनशे समास फोडून यंत्राला शिकवणं काय वाईट?

आणि आपण, म्हणजे तुम्ही आणि मी? आम्ही भाटघरचं धरण बघत वाढलो. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात पहिलं धरण बांधलं, तलावाला व्हाइटिंग नाव दिलं. मग १९२८ला नवं धरण झालं, ते गव्हर्नर लॉईडच्या नावानं. आता जलाशय येसाजी कंकांच्या नावाचा आहे, आणि ते योग्यच आहे. कागदावरची नावं बदलत गेली आणि लोक सगळा काळ भाटघरच म्हणत राहिले. शब्द तोंडानं टिकवला. आता ते तोंड फोनच्या आत असणार असेल, तर त्याला शब्द शिकवण्याची जबाबदारी कुणाची?

मी गणपतीपासून एक यादी सुरू केली आहे. भोर आणि वेल्ह्याची गावं, शेतातले शब्द, स्वयंपाकघरातले शब्द. एका रकान्यात लिहिलेला शब्द, दुसऱ्यात जोडासकट. तपासनीस आई. मी शनिवारी रात्री फोन करतो, एकेक शब्द वाचतो, ती जोड सांगते. काम लवकर उरकावं म्हणून मी जोड सुचवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. पहिल्याच शनिवारी त्यानं ‘पडवळ’चे ‘पड+वळ’ आणि ‘गवत’चे ‘गव+त’ असे तुकडे करून ठेवले. आई इतकी हसली की फोन सासूबाईंच्या जुन्या पितळी डब्यावर आपटला.

“पडवळात कसला रे समास? इंजिनिअर केलं तुला!”

यादी आता अकराशे शब्दांच्या वर गेली आहे. ही काही भाषा वाचवणारी संख्या नव्हे, दोन लाखांपुढे ती खिजगणतीतही नाही. पण त्यातले शब्द एका उघड्या फाइलमध्ये आहेत आणि कुणीही घेऊ शकतं. तुमच्या तालुक्याचे शब्द माझ्या आईला माहीत नाहीत. ते तुमच्या आईला माहीत आहेत. ह्या शनिवारी तिला फोन लावा, गावातली वीस ठिकाणं सांगायला लावा, आणि ती शब्द कुठे तोडते ते लिहून घ्या.

आईच्या फोनमधली बाई अजून ‘भाटघ्रात’च म्हणते. आई आता तिला दुरुस्त करते. मोठ्यानं, अंगणवाडीतल्या पोराला करावी तशी : “भाट. घरात. म्हण बरं.” ती बाई ऐकत नाही. ऐकायला लावणं हे आपलं काम आहे.